दुसरा गाल

दिवाळीच्या अंकात माणसाने गोडधोड वाढावे, हा शिरस्ता मला ठाऊक आहे. वर्षभर या सदरातून मी तुमच्याशी चार हलक्याफुलक्या गोष्टी बोलतो. दिवाळीला संपादक दोन पाने जास्त देतात, ती काही रडगाणे गाण्यासाठी नव्हेत. पण फराळाच्या ताटात लिंबाच्या लोणच्याची एखादी फोड असतेच की! आज मी तुम्हांला माझा एक अपमान सांगणार आहे. तो आंबट आहे खरा; पण आता चांगला मुरला आहे.

आमची सोसायटी पुण्यातली, लहानशी, २४ बिऱ्हाडांची. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिचा खजिनदार झालो. ‘झालो’ म्हणजे इतरांनी केले. ज्याला वेळ आहे आणि ज्याचे अक्षर बरे आहे त्याच्या गळ्यात हिशेबाची वही अडकवावी, असा आमच्या इमारतीचा अलिखित कायदा आहे. दोन वर्षांपूर्वी इमारतीला रंग द्यायचे ठरले. दर बिऱ्हाडामागे २,४०० रुपये वर्गणी. बहुतेकांनी ती फोनवरून पाठवली, काहींनी हातात आणून दिली. गणपती उठल्यावर सभा भरली आणि मी मोठ्या रुबाबात जमा रक्कम वाचून दाखवली : ५५,२०० रुपये.

तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ उभे राहिले. त्यांचा सारा जन्म बँकेत गेलेला.

“मास्तर, चोवीस गुणिले चोवीसशे किती?”

“सत्तावन्न हजार सहाशे.” मी म्हणालो. आयुष्यभर पाढे शिकवले. उत्तर तोंडातून आपसूक बाहेर पडले आणि मग लक्षात आले की, आपण स्वतःच्याच सापळ्यात पाय ठेवला आहे.

“मग २,४०० कुठे गेले?”

“कोणाचे तरी यायचे असतील. पाहतो.”

“पाहतो काय? मास्तर, ही तुमच्या चर्चची दानपेटी नव्हे. इथे पैसे मोजावे लागतात!”

सभेत एकदम शांतता पसरली. आम्ही ख्रिस्ती. इमारतीत आमचे असे एकच घर. वीस वर्षांत आमच्या धर्मावरून कोणी एक अक्षर काढले नव्हते. दर दिवाळीला तिसऱ्या मजल्यावरून आमच्याकडे फराळाचे ताट यायचे आणि दर नाताळला आमच्याकडचे ताट वर जायचे. दोन्ही ताटांत करंज्या असायच्या, आणि कोणाच्या करंज्या खुसखुशीत यावर दोन्ही घरच्या बायकांचे एकमत कधी झाले नाही. वाद असलाच तर तेवढाच. त्या घरातून हा शब्द आला.

मी काय केले? क्षणभर डोळे मिटले, उघडले, मंद हसलो आणि हात जोडून म्हणालो, “देव तुमचे भले करो.” आणि खाली बसलो.

ते गृहस्थ आणखी काही सांगू पाहत होते. पण सभेला आता त्यांचे ऐकायचेच नव्हते. चारपाच जण त्यांच्या अंगावर ओरडले, एकाने माफी मागा म्हणून धोशा लावला, आणि त्या गोंधळात सभा उठली. जिन्यात दोघांनी माझा हात हातात घेतला. एक तरुण मुलगा म्हणाला, “काका, तुमच्या जागी मी असतो तर कॉलर धरली असती.” मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, “आम्हांला तसे शिकवलेले नाही रे.” घरी आलो तो जमिनीपासून चार बोटे वरून चालतच.

हे शिक्षण मला माझ्या आजीने दिले होते. ती अहमदनगर जिल्ह्यातली, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातली. गोदावरीकाठच्या खेड्यात वाढलेली. नदीपलीकडे थोड्या अंतरावर पैठण. त्यामुळे तिच्या गोष्टींत एका संध्याकाळी प्रभू येशू यायचे आणि दुसऱ्या संध्याकाळी नाथमहाराज. नाथ गंगेवर स्नान करून परतताना एक माणूस त्यांच्या अंगावर थुंकत असे आणि नाथ न बोलता पुन्हा स्नानाला जात, ही कथा तिने मला इतक्यांदा सांगितली होती की, नाथ आमच्याच मंडळीतले कोणी असावेत असे मला लहानपणी वाटे. एका गालावर मारले तर दुसरा पुढे करावा, आणि अंगावर थुंकले तर पुन्हा स्नान करावे! अपमानाला उत्तर म्हणजे मौन, हा धडा मी दोन्ही दारांनी घेतला होता. तो आज सभेत सर्वांसमक्ष वापरला आणि पैकीच्या पैकी गुण मिळवले.

पुढचा दीड महिना मी फार क्षमाशील माणूस होतो. ते गृहस्थ जिन्यात भेटले की मी मुद्दाम थांबे, बाजूला होऊन त्यांना वाट देई आणि त्यांनी मागितला नसताना नमस्कार करी. ते मान खाली घालून निघून जात. त्यांनी मान खाली घातली की मला बरे वाटे. ओळखीचे कोणी त्या सभेचा विषय काढी, तेव्हा मी म्हणे, “छे छे, मी केव्हाच क्षमा केली त्यांना.” कोणी विषय काढला नाही, तर मी काढी.

एका संध्याकाळी सौ. तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, “अहो, तुम्ही त्यांना क्षमा केलीत हे आता तेवीस बिऱ्हाडांना ठाऊक झाले आहे. एकट्या त्यांनाच तेवढे ठाऊक नाही.”

मी म्हणालो, “म्हणजे?”

ती म्हणाली, “म्हणजे काही नाही. खडे फार आहेत या तांदळात.”

त्याच आठवड्यात आमच्या पाळकसाहेबांचा फोन आला. पुढच्या रविवारी ते गावाला जाणार होते. उपासनेत बोलण्याचे काम त्यांनी माझ्यावर टाकले. “दुसऱ्या गालाविषयी बोला,” ते म्हणाले. “तुमच्या सोसायटीतला प्रसंग कानावर आला आहे.” म्हणजे कीर्ती तेथवर पोचली होती! मी आनंदाने टिपणे काढायला बसलो.

आरंभी सारे माझ्या मनासारखे चालले होते. मत्तयाच्या शुभवर्तमानात नुसता ‘गाल’ नाही, ‘उजवा गाल’ आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. समोर उभ्या असलेल्या माणसाच्या उजव्या गालावर आपल्या उजव्या हाताने मारायचे तर पंजाची पाठच लागते. म्हणजे ती उलट्या हाताची चपराक, इजेसाठी नव्हे तर पाणउताऱ्यासाठी मारलेली. यहूदी लोकांचा ‘मिश्ना’ नावाचा जुना कायदेग्रंथ आहे, इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेला. त्यात सरळ हाताच्या चपराकीला २०० झूझ, म्हणजे तेवढी चांदीची नाणी, आणि उलट्या हाताच्या चपराकीला ४०० झूझ भरपाई सांगितली आहे. दुखणे कमी, पण किंमत दुप्पट. कारण दुखते ते गालाला नव्हे, अब्रूला. तेव्हा प्रभू बोलतो आहे ते मारामारीविषयी नसून अपमानाविषयी आहे. मी हे झोकदार अक्षरात लिहून घेतले. सभेत मला जी चपराक बसली तीही ४०० झूझांचीच होती!

मग मला वाटले, खुद्द प्रभूला मारले तेव्हा त्याने काय केले तेही सांगावे. मी योहानाचे शुभवर्तमान उघडले आणि माझी लेखणी अडखळली.

प्रभूला पकडून हन्ना नावाच्या वृद्ध याजकापुढे उभे केलेले आहे. हा माजी महायाजक, त्या वर्षीच्या महायाजकाचा सासरा. चौकशी चालू आहे. प्रभू सांगतो की, मी जे बोललो ते उघड बोललो, ज्यांनी ऐकले त्यांना विचारा. त्यावर शेजारी उभा असलेला एक शिपाई त्याला चपराक मारतो. आता? आता त्याने दुसरा गाल पुढे करायला हवा. तो करीत नाही. तो गप्पही बसत नाही, शापही देत नाही, आणि ‘देव तुझे भले करो’ असे तर मुळीच म्हणत नाही. तो त्या शिपायाला विचारतो की, माझ्या बोलण्यात चूक असेल तर ती दाखव; चूक नसेल तर मारलेस का?

हा प्रसंग मी लहानपणापासून शेकडो वेळा वाचला असेन. पण त्या रात्री तो प्रश्न मला पहिल्यांदा ऐकू आला. चूक असेल तर दाखव! हे त्याने म्हणावे, ज्याच्यात चूक नाही असे आम्ही मानतो. आणि मी, ज्याच्या हिशेबात २,४०० रुपयांची तूट सर्वांना दिसत होती, तो काय म्हणालो? हात जोडले आणि हसलो!

मी पाने उलटली. हेरोद राजापुढे प्रभू एक शब्दही बोलला नाही, हे मला आठवत होते. पण हेरोदाला सत्य नको होते. त्याला चमत्काराचा खेळ पाहायचा होता. तिथे मौन शोभले. आमच्या सभेत मात्र एक साधा गणिताचा प्रश्न विचारला गेला होता. तो वाईट शब्दांत गुंडाळून आला, हे खरे. पण प्रश्न खरा होता, आणि मी त्याचे वेष्टन छातीशी धरून आतला माल फेकून दिला होता. पौलाचेही आठवले. न्यायसभेत महायाजकाने त्याच्या तोंडावर मारण्याचा हुकूम दिला, तेव्हा पौल भडकला आणि त्याने ताडकन कठोर उत्तर दिले. पण ज्याला आपण बोललो तो महायाजक आहे असे कळताच त्याने सर्वांदेखत आपली चूक कबूल केली. पौल माझ्याहून तापट होता; पण चूक मान्य करायला त्याला दीड महिना लागला नाही.

हे सारे टिपणात कसे घालावे ते सुचेना. निदान शेवटी म्हणायचे गीत तरी निवडावे म्हणून मी माझे जुने गीतांचे पुस्तक शोधू लागलो. जुने अशासाठी की, त्यात माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. मुलीने मोठ्या टाइपातले नवे पुस्तक आणून दिल्यापासून ते कपाटात मागे पडले होते. मी ते ओढून काढले, तर त्यातून एक पाकीट खाली पडले. त्यावर थरथरत्या अक्षरात लिहिले होते : ‘रंगाची वर्गणी.’ आत पाचशेच्या चार आणि शंभराच्या चार नोटा, नीट घडी घातलेल्या.

मला दरदरून घाम फुटला. तळमजल्यावर एक आजी एकट्या राहतात. ऐंशी ओलांडलेल्या. ऑगस्टमधल्या एका रविवारी मी उपासनेला निघालो असता त्यांनी मला दारातच गाठून ते पाकीट दिले होते. “संध्याकाळी पावती देतो,” असे सांगून मी ते हातातल्या पुस्तकात ठेवले. संध्याकाळी पाहुणे आले. पुढच्या रविवारी नवे पुस्तक आले. संपले!

सौ.ला हाक मारली. तिने पाकीट पाहिले आणि ती मटकन खुर्चीवर बसली. “अहो,” ती म्हणाली, “त्या आजींनी तर मागल्या पंधरवड्यात पैसे भरले. चिटणीस त्यांच्याकडे मागायला गेले होते. त्या म्हणाल्या, ‘मी दिल्यासारखे वाटते, पण सांगता येत नाही बाई, हल्ली काही लक्षात राहत नाही.’ आणि पेन्शनमधून काढून दिले.”

वाचकहो, आतापर्यंत तुम्ही मला हसला असाल तर ठीक आहे. मीही हसण्यासारखेच लिहिले. पण त्या क्षणी मला हसू आले नाही. आपण एक अपमान गिळला, अशा समजुतीत मी दीड महिना मिरवत होतो. प्रत्यक्षात तो गिळला होता तळमजल्यावरच्या एका म्हातारीने. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ सभेत जे सांगू पाहत होते, ते हेच असणार की, आजी पैसे दिल्याचे म्हणतात. माझ्या हास्याने त्यांचे तोंड बंद झाले. मी चिडून उलट भांडलो असतो तरी परवडले असते. भांडणात का होईना, वही उघडली गेली असती. माझ्या नम्रतेने ती मिटली आणि तिच्यावर बसकण मारली.

त्या रात्री मला पंडिता रमाबाई आठवल्या. आमच्या घरात त्यांचे नाव नेहमी निघते. त्यांनी १८८९ साली काढलेले शारदा सदन पुढल्याच वर्षी मुंबईहून याच पुण्यात आले. १८९३ साली धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठले. सल्लागार मंडळाचे सभासद राजीनामे देऊन बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या, वर्तमानपत्रांनी झोडपले. बाईंनी काम चालू ठेवले. पण त्याच बाईंनी १८९७ च्या प्लेगात, इथल्या प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांची जी हेळसांड होत होती तिच्याविरुद्ध जाहीर पत्र लिहिले, आणि सरकारची मर्जी जाईल याची पर्वा केली नाही. स्वतःला लागलेल्या घावाने हात थांबू द्यायचा नाही, आणि दुसऱ्याला लागलेल्या घावापुढे तोंड मिटायचे नाही, हा त्यांचा रिवाज. मी बरोबर उलटे केले होते. माझ्या घावाला मी दीड महिना फुले वाहिली, आणि दुसरीचा घाव मला दिसलाही नाही.

आणि नाथ? नाथांची गोष्टही मी अर्धीच शिकलो होतो. नाथांनी प्रत्येक वेळी स्नान केले. थुंकी धुऊन टाकली. मी मात्र ती चांदीच्या डबीत भरून ठेवली आणि येईल त्याला झाकण उघडून दाखवली.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होते. इमारतीत पणत्या लागल्या होत्या, मुलांचे फटाके चालू होते. मी हिशेबाची वही आणि ते पाकीट घेऊन आधी तळमजल्यावर गेलो. आजींच्या पुढ्यात पाकीट ठेवले आणि सारे सांगितले. मला वाटले, त्या रागावतील. त्यांनी पाकिटावरचे आपले अक्षर चष्म्याजवळ धरून पाहिले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

“म्हणजे मी दिले होते तर!” त्या म्हणाल्या. “मास्तर, मला वाटले, माझे डोके चालेनासे झाले. रोज रात्री तीनतीनदा उठून गॅस पाहते, किल्ल्या मोजते. मुलाला कळले तर तो मला इथे एकटी राहू देणार नाही म्हणून कोणाला बोलले नाही.”

२,४०० रुपये परत करता येतात. दीड महिन्याच्या त्या रात्री कशा परत करणार? मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी माझ्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला. तो मला गिळवेना.

मग तिसरा मजला. गृहस्थांनी दार उघडले आणि मला पाहून ते चपापले. मी उभ्याउभ्याच वही उघडली. “चूक माझी होती. पैसे माझ्या घरातच होते.” आणि आजींची हकीकत सांगितली.

“मग मी काय ओरडत होतो!” ते इतक्या मोठ्याने म्हणाले की, शेजारचे दार किलकिले झाले. “म्हटले नव्हते, पैसे मोजावे लागतात म्हणून?”

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. क्षमा मागायला आलेल्या माणसाला पुन्हा तोच टोला! ते मंद हसू ओठांपर्यंत आले होते. मी ते कसेबसे परत पाठवले आणि म्हणालो, “हिशेबाचे तुमचे खरे होते. पण दानपेटीचे मात्र मला लागले.”

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “लागावे म्हणूनच बोललो होतो.” आणि दारातून बाजूला होऊन म्हणाले, “बसा.”

वाचकहो, याहून गोड शेवट मी तुम्हांला देऊ शकत नाही. त्यांनी माफी मागितली नाही. पण आम्ही दोघांनी बसून वहीची बाकीची पाने तपासली, आणि त्यांना आणखी एक बेरीज चुकलेली सापडली, सात रुपयांची. ते फार खूश झाले. आतून वहिनींनी चकल्या आणल्या. पुढच्या सभेत मी सर्व हकीकत वाचून दाखवली, आणि तेव्हापासून दर तिमाहीला ते माझी वही तपासतात. अजूनही त्यांचे बोलणे खडबडीतच असते.

त्या रविवारी उपासनेत मी पाचच मिनिटे बोललो. टिपणातले फारसे काही घेतले नाही. एवढेच म्हणालो की, दुसरा गाल पुढे करणे म्हणजे मारणाऱ्याला खजील करण्याची युक्ती नव्हे. अपमान झाला की, आधी त्यातला प्रश्न वेगळा काढावा आणि नम्रपणे विचारावे, चूक असेल तर दाखवा. चूक निघाली तर ती दुरुस्त करावी. नाही निघाली, तर लागले असे सरळ सांगावे आणि सोडून द्यावे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत क्षमेच्या ठिकाणी मराठीत ‘ऋण’ हा शब्द आहे. मला वाटायचे, ऋण सोडणारा तो मीच. वही उघडून पाहिल्याशिवाय कोण कोणाचे देणे लागतो हे कळत नाही, हे मी आजींच्या पाकिटावरून शिकलो.

हा लेख सौ.ला वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाली, “छान आहे. म्हणजे आता तुम्ही किती नम्र झालात, हे साऱ्या महाराष्ट्राला कळणार!”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. चूक असेल तर दाखव म्हणून मीच सांगितले होते, तिने दाखवली. दिवाळीच्या शुभेच्छा देतो आणि वही तुमच्यापुढे उघडीच ठेवतो.